एक, दोन, साडेतीन

मंगलाष्टकं मला लहानपणापासून नकोशी. लग्नाला गेलो की मुहूर्ताच्या वेळी मी मुद्दाम चपलांच्या ढिगाजवळ उभा राहायचो, म्हणजे सटकायला सोपं. तिकडे माइकवर कुणाची तरी आत्या चढ्या पट्टीत सुरू झालेली असायची. आधी गणपती, मग कुलदेवता, मग आईबाप, मग काका-काकू, आणि प्रत्येक कडवं ओढूनताणून त्या "कुर्यात् सदा मंगलम्"च्या दारात नेऊन बसवलेलं. आत्या रडायची. आत्या रडली म्हणून बाकीच्या रडायच्या. कवितेचा यापेक्षा मोठा शत्रू नाही, असं मी म्हणायचो, आणि ते मोठ्याने म्हणायचो. त्यामुळे नातेवाइकांत माझं नाव फारसं चांगलं नव्हतं.

हे नव्वदच्या आसपासचं सांगतोय. नवीन पनवेल तेव्हा उभं राहत होतं. मी एका कार्यालयात ड्राफ्ट्समन होतो आणि खांदा कॉलनीत राहत होतो, म्हणजे ज्या इमारतींचे नकाशे काढले त्यांतल्याच एकीत, आणि तिचा जिना अरुंद झालाय हे रोज चढताना मला कळायचं. काम ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईत. रेघ चुकली तर रबर चालत नाही. दाढीच्या पात्याने हलक्या हाताने खरवडायची, कागद फाटू न देता. चांगल्या ड्राफ्ट्समनचा हात रेघ ओढण्यात नाही, खरवडण्यात कळतो.

कविताही मी तशाच लिहायचो. आधी सगळं लिहून काढायचं आणि मग पातं घेऊन बसायचं. काळीज गेलं, आसवं गेली, आठवण गेली, "जणू" तर पहिल्याच फेरीत गेलं. वडील वारले तेव्हा मी बारा ओळींची कविता लिहिली. तीत वडील नाहीत, मरण नाही, खुंटीवरची एक कापडी पिशवी आहे फक्त. एका अनियतकालिकात ती छापून आली आणि दोन कवींनी मला थांबवून सांगितलं की फार संयमाने लिहिलंय. आईने ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "पिशवीचं एवढं काय?"

आईचं मी मनावर घेतलं नाही. भावना दाखवायची तर ती वस्तूत ठेवावी आणि आपण बाजूला व्हावं, असं माझं मत होतं. अजूनही आहे. वाचणाऱ्याला रडवायचं तर आपण रडून चालत नाही. हे वाक्य मी चहाच्या हॉटेलात इतक्यांदा ऐकवलं होतं की आमच्यातला एक कवी मी तोंड उघडलं की बिल मागवायचा.

माझे मेहुणे, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, या सगळ्याच्या अगदी उलट माणूस. मांडवाचा धंदा होता त्यांचा. पनवेल, सुकापूर, पार आपट्यापर्यंत कुणाच्या दारात लग्न असो, मुंज असो की सत्यनारायण, बांबू, कापड, ताडपत्री, खुर्च्या आणि माइक त्यांचे. आवाज असा की माइकची गरज नव्हती, पण माइकवर त्यांचा फार जीव. मांडव बांधून झाला, कर्णे चढवले की ते स्वतः पुढे व्हायचे, माइकवर दोन टिचक्या मारायचे आणि म्हणायचे, "हॅलो, हॅलो. एक, दोन, साडेतीन."

तीन कधी म्हणालेच नाहीत. पोरं वाटच बघत असायची. ते "एक, दोन" म्हणाले की सगळ्या आळीतून "साडेतीन" असा ओरडा उठायचा. मी एकदा विचारलं, हे काय खूळ आहे. तर म्हणाले, "भाऊसाहेब, तीन म्हटलं की लोकांना वाटतं आता काहीतरी सुरू होणार, आणि माना ताठ होतात. साडेतीन म्हटलं की हसतात. हसलेल्या माणसाला पुढची गैरसोय चालते. वरण पातळ असलं तरी बोलत नाही." मला ते भाऊसाहेब म्हणायचे, आणि त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांचा आणखी एक नियम होता. किती का लहान मांडव असेना, एक कर्णा आचाऱ्यांच्या दिशेला बांधायचाच. यजमान म्हणायचे, अहो तिकडे कशाला, तिकडे कोण आहे ऐकायला? हे म्हणायचे, "जे आहेत त्यांना पण लग्न ऐकू येऊ दे की. भाज्या चिरणाऱ्यांनी काय पाप केलंय?"

माझ्या कविता ते वाचायचे. खरंच वाचायचे, माझ्या कवीमित्रांपेक्षा जास्त लक्ष देऊन. अंक चाळून झाला की ठरलेलं बोलणं. "बांबू एक नंबर बांधलेत हां भाऊसाहेब. कापड कुठाय?"

"कापड टाकलं की बांबू दिसत नाहीत," मी म्हणायचो.

"मग लोकांनी बसायचं कुठे? उन्हात?"

"बसायला नाहीच बोलावलेलं कुणी. बघून जावं."

त्यावर ते हसायचे आणि बहिणीला हाक मारायचे, "अगं, तुझा भाऊ पाहुण्यांना उभ्याउभ्या घालवतोय, चहा तरी टाक." वाद तिथेच संपायचा. तो जिंकायची त्यांना घाई नव्हती आणि हरायची मला सवय नव्हती.

एका गणपतीच्या आधी, मांडवांचा हंगाम तोंडावर असताना, ते गेले. सकाळी चहा पिता पिता छातीत दुखलं आणि दुपारी ते नव्हते. भाचीचं लग्न तेव्हा ठरलेलं होतं, पेणचं स्थळ, बोलणी त्यांनीच केलेली. कार्यालय घेऊ या, असं त्या लोकांनी सुचवलं होतं तेव्हा हे उखडले होते. "जन्मभर लोकांच्या पोरींचे मांडव बांधले, आणि माझी पोर पंख्याखाली लावू? सुकापूरच्या दारातच मांडव पडेल, आणि तो मी बांधीन." आता आपल्याकडची रीत अशी की घरात असं काही झालं तर ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. तीन वर्षं कोण थांबतो? वैशाखातली तारीख धरली.

मी त्यांच्यावर काही लिहिलं नव्हतं. लिहायला बसलो की आठवायचे ते त्यांचे मोठमोठे ओबडधोबड हात आणि ते हसणं, आणि या दोन्हींचं बारा ओळींत काय करायचं ते सुचायचं नाही. पातं चालवायला आधी कागदावर काही लागतं.

लग्नाला महिना-दीड महिना असताना बहीण खांदा कॉलनीत आली. बसली, पाणी प्यायली आणि सरळ म्हणाली, "दादा, मंगलाष्टक तू लिहायचंस आणि तूच म्हणायचंस. मुलीचा मामा आहेस."

"मामाने मुलीला मांडवात घेऊन यायचं असतं. गायचं नसतं."

"तू कवी मामा आहेस. आजवर काही मागितलं नाही मी तुझ्याकडे."

"अगं, मला जमत नाही तसलं. माझी ओळ गाता येत नाही, गायलं तर लोक हसतील."

"हसू देत. एकच सांगते, त्यात ह्यांचं नाव आलं पाहिजे. पोरीचं लग्न आहे. कन्यादान थोरले दीर करणार, मागे तू उभा राहणार, गडबड सगळे करणार. ह्यांनी जन्मभर मांडव बांधले आणि ह्यांच्या पोरीच्या मांडवात ह्यांचं नाव एकदासुद्धा निघणार नाही? एकदा घे. माइकवर, सगळ्यांसमोर. बाकी तुला काय लिहायचं ते लिही."

ती हे रडत म्हणाली असती तर मी काहीतरी कारण काढलं असतं. ती पदराने कपाळ पुसत, भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली. मी हो म्हटलं.

मग लिहायला बसलो. मंगलाष्टकाचं वृत्त शार्दूलविक्रीडित. एकोणीस अक्षरांची ओळ, बाराव्या अक्षरावर विसावा. शाळेत पाठ केलेलं, पुढे जाहीरपणे शिव्या घातलेलं. ऑफिसातल्या टेबलावर नकाशाच्या कडेला लघू-गुरूंच्या खुणा करत बसलो आणि खरं सांगायचं तर मजा आली. ही गोष्ट मी हॉटेलातल्या मंडळींना सांगितली नाही. चार दिवस खटपट केल्यावर एक ओळ अशी आली की मी खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन आलो. ओळ होती:

ज्याची सावलि लाभली न कळता या मांडवाला पुन्हा

नाव नाही, मरण नाही, रडणं नाही. मांडव आहे, सावली आहे, आणि ज्याला कळायचं त्याला कळेल. मी फार खूश झालो. मेहुण्यांना अखेर कापड दिलं, असंही मनात आलं.

बहिणीने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. "ही सावली कुणाची?"

"त्यांची."

"मला वाटलं ताडपत्रीची."

"अगं, असं सरळ सांगायचं नसतं. ऐकणाऱ्याने शोधायचं असतं."

"दादा, मांडवात तीनशे माणसं, वर ऊन, लोकांचं लक्ष जेवणाकडे. कोण शोधत बसणार? ह्यांचं नाव तीन अक्षरी. तुझ्या ओळीत एकोणीस अक्षरं आहेत. त्यात तीन जागा नाहीत?"

याला माझ्याकडे होतं ते उत्तर हॉटेलात चालणारं होतं, तिच्या ओट्यापाशी नाही. मी घरी आलो, सावली खरवडली आणि नाव घातलं. ओळ बसली, वृत्तात बसली, पण अगदी आत्याबाईंच्या मंगलाष्टकासारखी झाली. दात-ओठ खाऊन मी ती तिला नेऊन दिली. ती वाचून तिचा चेहरा जो सैल झाला तो मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. तिने कागद देवाजवळ ठेवला. मी मनात म्हटलं, जाऊ दे, एक कविता बहिणीच्या नावावर खर्ची.

पण ते तिथे संपलं नाही. तेव्हा मंगलाष्टकं गुलाबी कागदावर छापून मांडवात वाटायची पद्धत होती. दोन्हीकडची मिळून एकच छापू, असं ठरलं, आणि पेणहून नवऱ्यामुलाचे आजोबा आमच्याकडचा मजकूर बघायला स्वतः आले. शांत, धोतरातले, बोलायला गोड. त्यांनी चष्मा लावून कडवं वाचलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"सुंदर आहे. एवढं एक नाव काढा," ते म्हणाले. "गैरसमज नको. फार भला माणूस होता, मीच बैठकीला शब्द दिला त्यांना. पण मंगल वेळेला गेलेल्या माणसाचं नाव अंतरपाटासमोर घेत नाहीत. सकाळी नांदीश्राद्धात गुरुजी पितरांना बोलावतातच. तिथे त्यांचा मान होतो."

मी वाद घालणार होतो. तेवढ्यात बहिणीने चहाचे कप आणले, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मुलीला त्या घरात जायचं होतं. आजोबांनी चहा घेतला, चहाची तारीफ केली, आणि गेले. त्यांची पाठ वळल्यावर बहीण कप गोळा करता करता म्हणाली, "नांदीत बोलावणार म्हणे. संस्कृतातून हाक मारल्यावर ह्यांना कळणार तरी आहे का?"

मला हसू आलं, तिलाही आलं, आणि मग ते थांबलं.

"आपण ती सावलीची ओळ ठेवू," मी म्हटलं. "त्यात नाव नाही, त्यांना आक्षेप घेता येणार नाही. आणि ते आहेत त्यात, तुला सांगतो."

"ठेव तुला ठेवायची तर. तुझ्या त्या सावलीत मी काही बसणार नाही. मी आपली आत आचाऱ्यांकडे बसेन."

"लग्नाला येणार नाहीस पोरीच्या?"

"लग्नातच असेन की. कनातीच्या पलीकडे. नाहीतरी पुढे उभी राहिले तर चार जणी एकमेकींकडे बघणार. ह्यांचं नावही नाही आणि मीही नाही, म्हणजे सगळंच मंगल."

ती मांडवात येऊ नये असं कुणीही स्पष्ट म्हटलं नव्हतं. स्पष्ट म्हणायची आपल्याकडे गरज पडत नाही. पण तोपर्यंत ती यायचं ठरवून होती, ते मला माहीत होतं, कारण तिने त्यासाठी एक फिक्या जांभळ्या रंगाचं लुगडं काढून ठेवलेलं तिच्या वहिनीला, म्हणजे माझ्या बायकोला दाखवलं होतं. त्या दिवसापासून तिने मंगलाष्टकाचा विषय काढला नाही. कागद छापून आले, सावलीची ओळ घेऊन. तिने गठ्ठा न उघडता कपाटावर टाकला. मला भयंकर राग आला. तिचा, आजोबांचा, एकोणीस अक्षरांचा. ओळ चांगली होती, आणि ज्या एका माणसासाठी होती त्यालाच ती नको होती.

मांडव मेहुण्यांच्याच माणसांनी बांधला. धंदा त्यांच्या थोरल्या भावाने चालू ठेवला होता, पण माणसं जुनी, आपट्याकडच्या वाडीवरची. त्यांच्यातला म्हातारा मुकादम आदल्या दिवशी ट्रकमधून उतरला तो थेट बहिणीसमोर जाऊन म्हणाला, "वयनी, तुमी कायबी सांगू नका. शेटनी कसा बांदला असता तसा आमी बांदतो." आणि तसाच बांधला. झालर तीच, पिवळी-लाल. मधला खांब किंचित उंच, म्हणजे हवा खेळते. एक कर्णा मागे, आचाऱ्यांच्या दिशेला, कुणी न सांगता. संध्याकाळी त्याने माइक तपासला. फू-फू करून फुंकर मारली, नखाने टकटक केलं, बस. ते गेल्यापासून मी ठिकठिकाणी बघत होतो, त्यांची माणसं माइक असाच तपासायची. साडेतीन कुणी म्हणत नव्हतं. पोरंसुद्धा नाही.

लग्नाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. मुहूर्त दुपारचा. भाचीला घेऊन मी घरातून निघालो तेव्हा तिने हळूच विचारलं, "मामा, आई कुठाय?"

"आहे. मागे आहे."

"बाहेर येईल ना?"

"तू पुढे बघ. पायात दोरी येईल."

कनातीच्या फटीतून मला बहीण दिसली होती. आचाऱ्यांजवळ पाटावर बसून ती परातीत अक्षता कालवत होती, कमी पडल्या तर असाव्यात म्हणून. जांभळं लुगडं नेसली होती. म्हणजे सकाळी उठून नेसली आणि तिथे जाऊन बसली.

अंतरपाट धरला गेला. एका बाजूला मुलगा, एका बाजूला भाची, तिच्यामागे मी. लोकांच्या मुठीत अक्षता. गुरुजींनी दोन कडवी म्हटली, घड्याळ बघितलं, मुहूर्ताला अवकाश होता. मग मुलाच्या आत्याने माइक घेतला. तिने अशी काही तान मारली की कर्ण्यांनी शिट्टी घातली, कर्रर्र झालं आणि माइक गप्प. आत्याने बिनमाइकचं म्हणून टाकलं. लोकांनी अंदाजाने अक्षता टाकल्या, पोरांनी पुन्हा वाटल्या. गुरुजींनी माझ्याकडे बोट केलं. "मामा, चला. आता तुमचं."

माइक माझ्या हातात आला, मेलेला. तिकडे पेटीपाशी मुकादम गुडघ्यावर बसून वायर खालीवर करत होता. सगळा मांडव माझ्याकडे बघतोय, हातात गुलाबी कागद, कपाळावरून घाम डोळ्यांत. त्याने वायर खोचली आणि दुरूनच हाताने खूण केली, बोला काहीतरी, येतो का आवाज बघू.

लोक मला अजून विचारतात, ठरवून केलंस का. नव्हतं ठरवलं. माइक तपासायचा होता, आणि पनवेलात माइक कसा तपासतात हे मी इतकी वर्षं एकाच तोंडून ऐकलेलं. मी दोन टिचक्या मारल्या आणि म्हटलं, "हॅलो, हॅलो. एक, दोन, साडेतीन."

आवाज आला. चारही कर्ण्यांतून आला, खणखणीत.

पाहुण्यांकडचे तसेच उभे होते, त्यांना काही कळलं नव्हतं. माइक सुरू झाला एवढंच. पण आमच्या बाजूची माणसं, आळीतली, सुकापूरची, सगळ्या बायका, ज्यांच्या ज्यांच्या घरी त्यांनी मांडव बांधला होता ते सगळे हलायचेच थांबले. मुकादम गुडघ्यावर होता तो तसाच खाली बसला आणि त्याने डोक्याचं फडकं तोंडाला लावलं. भाचीचे खांदे हलायला लागले. अंतरपाटाच्या पलीकडे आजोबा माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी नजर खाली घेतली. माइक तपासण्यावर आक्षेप कसा घेणार?

तेवढ्यात मागची कनात बाजूला झाली. बहीण बाहेर आली, परात कमरेवर घेऊन. ती कुणाकडे न बघता मांडवाच्या मध्यापर्यंत चालत आली, त्या उंच खांबापाशी, आणि तिने परातीतून मूठ भरून अक्षता वर फेकल्या. नवरानवरीच्या दिशेने नाही. सरळ वर, कापडाकडे.

आता अक्षतांचं असं असतं की एकाने टाकल्या की सगळे टाकतात. कडवं संपलंय की सुरू झालंय हे कोण बघतो? आमच्या बाजूने टाकल्या, ते बघून पेणकरांनी टाकल्या. मंगल शब्दही झाला नव्हता आणि तीनशे माणसांच्या मुठी रिकाम्या झाल्या. गुरुजी म्हणत राहिले, "अहो थांबा, थांबा, अजून नाही." माझ्या डोक्यावर तांदूळ, कागदावर तांदूळ, आणि मला रडू आलं. घशात आवंढा वगैरे नाही, सरळ रडू, माइकसकट, चारही कर्ण्यांतून. त्या आत्यांपेक्षा मोठ्याने.

मग मी कडवं म्हटलं. म्हणजे म्हणायला लागतंच, वेळ झाली होती. सावलीच्या ओळीला आवाज फाटला, पण वृत्त सोडलं नाही. "कुर्यात् सदा मंगलम्" म्हणून मी वर बघितलं तर सगळ्या लोकांनी हात उंच केले आणि रिकाम्या मुठी उघडल्या. कुणाच्याच हातात काही उरलं नव्हतं. बहिणीने परात पोरांकडे दिली आणि त्यांनी धावतपळत पुढच्या कडव्यापुरत्या वाटल्या. हार घालताना ती भाचीच्या बाजूला, हाताच्या अंतरावर उभी होती. चार जणींनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा असेल. मी बघितलं नाही.

संध्याकाळी वऱ्हाड पेणला गेलं. माणसं मांडव उतरवत होती. बहीण घडी घातलेल्या ताडपत्रीवर येऊन बसली, मी शेजारी. दोघांचेही पाय मोडून आलेले. तिने माझ्या केसांतून एक तांदूळ काढला आणि टाकला.

"कडवं कसं झालं तुझं?"

"ऐकलं नाहीस?"

"नाही. त्याच्या आधीचं ऐकलं. मग मला काही ऐकू आलं नाही."

एवढ्या मेहनतीची ओळ. समोर मुकादम उंच खांबाच्या दोऱ्या सोडत होता. खांब आडवा करून त्यांनी ट्रकमध्ये सरकवला, आणि दारातली जागा एकदम मोकळी, उजाड दिसायला लागली.

"दादा, परत म्हण ना एकदा," ती म्हणाली.

"कडवं?"

तिने नुसती ‘नाही’ अशी मान हलवली. माइक ट्रकमध्ये गेला होता. मी तसंच, साध्या आवाजात म्हटलं.